उंबरमाळची कळ

ब्रेकर निवडायला अंबिकाने चार दिवस घेतले. "एवढ्या वेळात माणसं जावई पसंत करतात," असं गोदामातल्या केरबाने तिला तोंडावर ऐकवलंही. त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. संस्थेच्या यादीतल्या एकेचाळीस वाड्यांचे ब्रेकर तिने एका दुपारी, चहा निवायच्या आत, खुणा करून मोकळे केले होते. पण बेचाळिसावा वाडा उंबरमाळ होता, आणि उंबरमाळला तिचे आई-बाप राहत होते. मग हात अडणारच की!

उंबरमाळ म्हणजे घाटमाथ्याच्या पठारावरचा अकरा घरांचा धनगरवाडा. म्हशी, खवा आणि वारा, बाकी तिथे काही पिकत नाही. विजेचे खांब खालच्या गावापर्यंत आले आणि राखीव जंगलाच्या हद्दीशी थांबले, ते दोन हजार चव्वेचाळीस साल उजाडलं तरी पुढे सरकले नाहीत. सोळा वर्षांपूर्वी वाड्यावर सोलर पॅनेलं आली. बसवणाऱ्यांनी पत्र्याच्या खोपीतल्या पेटीची किल्ली जानू झोऱ्याच्या हाती दिली, कारण लाल वायर आणि काळी वायर वेगळ्या कशाला, हे विचारायची बुद्धी सगळ्या वाड्यात त्यालाच सुचली होती. जानू झोरे हा अंबिकाचा बाप. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. त्या पेटीपाशी बापाच्या मागे उभी राहून राहून तिला विजेचं वेड लागलं, आणि त्या वेडापायी डिप्लोमा करून ती याच कामाच्या संस्थेत तंत्रज्ञ झाली.

आता वाड्याची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. वीज आली त्या पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्या मंडळींनी मोठा वाद घातला. दिवेलागणीला विठलाईपुढे तेलाचा दिवा लागायच्या आधीच घरात बल्ब जळतो, हे काय बरोबर? देवी अंधारात आणि म्हशी उजेडात! शेवटी जानूनेच तोड काढली. सूर्य बुडून अंधार दाटायला लागला की तो खोपीत जायचा आणि पेटीतल्या कळा खाली ओढायचा. सगळा वाडा काळाकुट्ट. त्या अंधारात अकरा घरांत अकरा दिवे लागायचे, बायका आपापल्या दारातून "लागला" म्हणून हाळी द्यायच्या, आणि अकरावी हाळी ऐकली की जानू कळा परत वर करायचा. चार-पाच मिनिटांचं काम. पण सोळा वर्षांत त्याने ते एकही दिवस चुकवलं नाही. अंगात ताप असला तरी घोंगडी पांघरून जायचा.

पेटीत कळा दोन. वरची पॅनेलांची, खालची घरांची. जानू नेहमी वरची आधी ओढायचा, मग खालची. शास्त्राप्रमाणे क्रम उलटा हवा. आधी घरांचा भार काढायचा आणि मग पॅनेलं तोडायची. अंबिकाने बापाला एकदा ते सांगितलंही होतं. पण सांगता सांगता तीच हसून म्हणाली होती, "तसं दिवेलागणीला पॅनेलात काय ऱ्हातंय म्हना! कसंबी वढा." आणि ते अगदी खरं होतं. सूर्य बुडाला की जुनी पॅनेलं मेल्यासारखी पडायची, घरं बॅटरीवर चालायची, आणि वरच्या कळीतून त्या वेळी काहीच वाहत नसायचं.

यंदा मात्र पॅनेलंच बदलली. नव्या पॅनेलांना सगळे 'दुपाळी' म्हणायचे, कारण ती दोन पाळ्यांत काम करायची. दिवसाचं काम जुनंच, ऊन पडलं की वीज. रात्रीचं काम नवं. दिवसभर तापलेली जमीन, दगड, पत्रा, सगळं रात्री आपली ऊब आकाशाकडे सोडून देतं. पठारावर उघड्यावर झोपलेल्या माणसाला हे शास्त्रज्ञाने सांगायला नको. वरचं आकाश भयंकर थंड, खालची वस्तू कोमट. दुपाळी पॅनेलाच्या पोटात एक पातळ थर बसवलेला होता, आणि ही बाहेर निघालेली ऊब जाता जाता त्या थरात वीज करून जायची. दिवसाच्या मानाने पाचवा हिस्साच, पण रात्रभर. फक्त एक गोष्ट होती. दिवसा ऊर्जा पॅनेलात आत येते, रात्री ती पॅनेलातून बाहेर जाते, म्हणून रात्रीची वीज उलट्या दिशेने वाहते. बॅटरीच्या आधी बसवलेला एक डबा ही दिशा सरळ करून घ्यायचा, त्यामुळे घरातल्या माणसाला पत्ताही लागत नसे. पण पॅनेलं आणि तो डबा यांच्या मधल्या वायरीत, म्हणजे वरची कळ बसते नेमकं तिथे, वीज दिवसा इकडून तिकडे आणि रात्री तिकडून इकडे धावायची.

हे अंबिकाला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. इतर तंत्रज्ञांना ती हेच शिकवायची. म्हणून तर पुढचं सांगताना जीव तुटतो.

ब्रेकर म्हणजे वेळ पडली की पॅनेलांना घरापासून तोडणारी कळ. शहरातल्या घरांमधली वीज तोडणं सोपं असतं. ती सेकंदाला शंभर वेळा स्वतःच विझते आणि पेटते, त्यामुळे कळ उघडताना, म्हणजे खाली ओढताना, ठिणगी पडली तरी ती लगेच आपोआप मरते. पॅनेलांची वीज म्हणजे अखंड धार. कळ उघडली की दोन टोकांच्या मध्ये ठिणगी दोरीसारखी ताणली जाते आणि तुटायचं नाव घेत नाही. म्हणून त्या ब्रेकरमध्ये लोहचुंबक बसवतात. तो ठिणगीला बाजूला ढकलतो, लोखंडी पट्ट्यांच्या जाळीत, आणि तिथे तिचे तुकडे होऊन ती थंड पडते. मात्र चुंबक कुठल्या बाजूला ढकलणार, ते वीज कुठल्या दिशेने वाहते यावर ठरतं. संस्थेच्या मंजूर यादीवरचा ब्रेकर दोन्ही दिशांची वीज तोडणारा होता. ताकद मध्यम, पण दोन्हीकडून जाळी. एकेचाळीस वाड्यांना तोच गेला.

उंबरमाळसाठी अंबिकाला तो पुरेसा वाटेना. तिने पुन्हा पुन्हा आकडे मांडले. आठ पॅनेलांची एकेक रांग. थंडीत पॅनेलांचे व्होल्ट वाढतात आणि पौषात पहाटे उंबरमाळला पारा चारवर येतो, म्हणून व्होल्ट वाढवून धरले. कडक उन्हासाठी करंट सव्वापट धरला. यादीतला ब्रेकर या हिशेबात व्यवस्थित बसत होता, पण तिच्या डोळ्यांपुढे सारखा बापाचा हात यायचा. इतर वाड्यांत ही कळ वर्षातून दोनदा ओढली जाणार, आपल्या वाड्यात रोज. रोज ओढायची कळ भक्कम नको का? मग तिने गोदामात दुसराच ब्रेकर शोधून काढला. दुप्पट ताकदीचा, दुप्पट मोठ्या चुंबकाचा, वीस हजार वेळा उघडझाप करून तपासलेला. त्याच्या एका टोकाला अधिकची खूण होती आणि दुसऱ्या टोकाला उण्याची, म्हणजे तो एकाच दिशेचा होता. ती खूण तिने पाहिली. अधिकची वायर वर घ्यावी, असं फाइलवर लिहूनसुद्धा ठेवलं. आणि मनात धरून काय चालली होती? की आबा कळ दिवेलागणीला ओढणार, आणि दिवेलागणीला पॅनेलं मेलेली असतात. खोपीत उभं राहून पाहिलेली ती जुनी दिवेलागण तिच्या डोक्यातून गेलीच नव्हती. वाड्याची रीत माहीत नसलेला कुणी परका तंत्रज्ञ असता, तर त्याने यादीतला ब्रेकर उचलून बसवला असता, आणि जानू झोरे आज जिवंत असता.

"यादी सोडून हा कशाला, ताई?" केरबाने विचारलं होतं.

"माझ्या बापाचा हात लागणार आहे त्याला," ती म्हणाली.  केरबाने खोका काढून दिला.

कार्तिकातल्या एका लख्ख दुपारी तिने तो स्वतःच्या हाताने बसवला. सहा वेळा खाली-वर करून पाहिला. ठिणगी नाही, आवाज नाही, अगदी झकास! जानूनेही ओढून पाहिला.

"लई जड हाय गं. जुनी कशी लोण्यावानी यायची."

"आबा, ही कळ रेल्वे थांबवंल असली हाय."

"मंग आपल्या अकरा घरांस्नी कशाला? हितं कुटं रेल्वे आली?"

"असू द्या की. बाप एकच हाय मला."

"बाप समद्यास्नी एकच आसतोय, येडे," म्हणून जानू खो खो हसला. त्या संध्याकाळी ती त्याच्या मागे उभी राहिली. त्याने कळा ओढल्या, दारादारांतून हाळ्या आल्या, सगळ्यात शेवटी तिच्या आईची. ठकूबाईची हाळी कायम शेवटची. तिला म्हशींच्या गोठ्यातून यायला उशीरच व्हायचा. जानू तोवर वरच्या कळीच्या मुठीवर हात ठेवून निवांत उभा राहायचा. कळ उलट्या विजेवर उघडली जात होती, अंबिकाच्या डोळ्यांदेखत, आणि ती तिथे कौतुकाने हसत उभी होती.

अकराव्या दिवशी जानूचा फोन आला. अंबिका वर्गात होती, समोर वीस तंत्रज्ञ बसलेले.

"अंबे, कळ वढताना आतनं चरचर वाजतंया गं. आनि वास येतुया, शिंग जाळल्यावानी."

"नवी हाय आबा, बसंल. म्या आले की बघते."

"बरं बरं. तू म्हनतीस तर बसंल."

एवढंच बोलणं. फोन ठेवून तिने फळ्याकडे तोंड केलं आणि शिकवायला लागली. संध्याकाळपर्यंत ती हे विसरूनही गेली.

विसाव्या दिवशी तिच्या चुलत्याचा, धुळूकाकाचा फोन आला. "अंबे, तशीच नीघ. तुजा बा कळीला चिकटला. गेला गं."

"कवा?"

"आत्ताच की. दिवं लावायच्या वक्ताला."

ती ऑफिसचा जिना उतरत होती. दिवं लावायचा वक्त, हे शब्द कानावर पडले आणि तिला सगळं दिसलं, जसं वीस दिवसांपूर्वी दिसायला हवं होतं. चुंबक तोच, पण वीज उलटी. म्हणजे ठिणगी जाळीकडे न जाता मागे ढकलली जाणार, स्प्रिंगकडे, मुठीकडे. रोज थोडी थोडी. आतल्या प्लास्टिकचा रोज थोडा कोळसा होणार, आणि कोळशातून वीज वाहते. विसाव्या दिवशी मुठीपर्यंत तिचा रस्ता तयार झाला. आणि ही धारेची वीज माणसाचा हात सोडत नाही, मूठ आवळूनच धरते. चुंबक जितका मोठा, तितकी ठिणगी जोरात ढकलणार. तिने तर सगळ्यात मोठा चुंबक निवडला होता!

बारावा होईपर्यंत अंबिका वाड्यात कुणाशी काही बोलली नाही. लोकांना वाटलं, बापाचं दुःख. ते होतंच. पण दुसऱ्या एका गोष्टीने तिचा जीव कुरतडत होता. तिची आई हे सगळं स्वतःच्या माथी घेऊन बसली होती.

त्या संध्याकाळी एक रेडकू दावं तोडून पळालं होतं, आणि ठकूबाई त्याच्यामागे गेली होती. दहा हाळ्या झाल्या. जानू मूठ धरून अकरावीची वाट बघत उभा होता, आणि अकरावी आलीच नाही. "म्या येळेवर वरडले आसते तर त्येंनी कवाच कळ वर केली आसती," भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ठकूबाई हेच सांगायची. बायका म्हणायच्या, असं नसतं बाई. पण एक भावजय परत जाताना, ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलून गेली, "ठकूचा दिवा जलमभर उशिराच." तेव्हापासून ठकूबाईने दिवा लावायचाच सोडला. भाकरीचा तुकडा मोडायची आणि हातात तसाच धरून बसायची.

तेराव्या दिवशी सकाळी अंबिकाच्या वरच्या साहेबांचा, देशिंगकरांचा फोन आला. उद्या विद्युत निरीक्षक येणार होते. देशिंगकर माणूस वाईट नव्हता, उलट तिची काळजी करूनच बोलला. "संस्थेचं पत्र तयार आहे. वापरणाऱ्याने भार न काढता आधी पॅनेलं तोडली, क्रम चुकवला. खोटं तर काही नाही ना त्यात? तुम्ही फक्त सही करा. ब्रेकरचा विषय निघणार नाही, तुमच्यावर काही येणार नाही."

खोटं नव्हतंच. पण तसं लिहिलं की वाड्यांकडून पेट्यांच्या किल्ल्या काढून घेतल्या जाणार, आणि ब्रेकरबद्दल कागदावर एक अक्षरही येणार नाही. तिने आपल्या बापासाठी निवडला म्हणजे उत्तमच असणार, असं समजून खालच्या जिल्ह्यातल्या एका गटाने त्यातलेच साठ मागवले होते. बाप गेला त्याच रात्री तिने त्यांना फोन करून थांबवलं होतं. ते म्हणाले, थांबतो, पण कारण लेखी पाहिजे. म्हणजे खरं काय ते तिला लिहून द्यायलाच हवं होतं. आणि लिहायच्या आधी आईला सांगायला हवं होतं. लिहिण्याची भीती नव्हती तिला. आईची होती.

ठकूबाई गोठ्यात धार काढत होती. अंबिका तिच्याजवळ शेणातच उकिडवी बसली.

"आये, तुज्यामुळं न्हाई झालं."

"समदी आसंच म्हनत्यात."

"समद्यांचं सोड. मला ठावं हाय कशानं झालं त्ये." आणि तिने सांगितलं. आईला समजेल अशा शब्दांत, की राती वीज उलटी येती, आणि तिने आणलेली कळ एकाच बाजूची वीज तोडणारी होती. यादीतली साधी कळ बसवली असती तर काही झालं नसतं. तिने मुद्दाम भारीतली आणली. "तू येळेवर वरडली आसतीस, तर त्या दिवशी वाचलं आसतं. दुसऱ्या दिवशी झालं आसतं. कळच खराब हुती, आये. म्या आनलेली."

धारेचा आवाज थांबला. "तुला ठावं नव्हतं?"

"हुतं. ध्यानात आलं न्हाई. आनि आबांनी फोन बी केल्ता मला, वास येतुया म्हनून. म्या म्हनलं, बसंल."

ठकूबाईने चरवी बाजूला सरकवली. मग तिने अगदी बारीक आवाजात विचारलं, "म्हंजी म्या उशिरा वरडले म्हनून न्हाई?"

"न्हाई."

ठकूबाईने म्हशीच्या कुशीला डोकं टेकलं आणि ती हंबरडा फोडून रडली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. तेरा दिवस छातीवर ठेवलेला धोंडा खाली उतरला होता, ते दिसत होतं. अंबिकाने तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ जराशी पुढे सरकली. आईने मुद्दाम केलं नसेल, पण हात मोकळाच राहिला, आणि अंबिकाने तो गुपचूप मागे घेतला. एवढं दुःख तिला बापाला अग्नी देतानाही झालं नव्हतं.

दिवसभर आई तिच्याशी बोलली नाही. संध्याकाळी ताटात भाकरी वाढली आणि समोर बसली.

"उद्या सायेबाला काय सांगनार हायीस?"

"हाय त्ये."

"नगं."

"आये—"

"ऐक माजं. लोकं मला बोलून मोकळी झाल्यात. माजं काय, म्हशींत जलम गेला, म्हशींतच जाईल. म्या उशिरा वरडले, तितंच ऱ्हाऊ दे. तुला अजून लई वाड्यांत जायाचं हाय. बापाला मारलेली पोर म्हनल्यावर कोन तुला पेटीला हात लावू दील?"

तो शब्द तिच्या तोंडून निघून गेला. निघाल्यावर तिलाच तो ऐकू आला असावा.  सकाळी जे ओझं उतरलं म्हणून ती रडली होती, तेच तिने संध्याकाळी पोरीसाठी परत उचललं होतं, आणि उचलताना पोरीला माफ काही केलं नव्हतं. अंबिकाने ताट बाजूला सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक आजगावकर घाट चढून आले. पन्नाशीचा, शांत माणूस. खोपीची पाहणी करून ते झोऱ्यांच्या अंगणात घोंगडीवर बसले. सगळा वाडा भोवती जमला. जळका ब्रेकर प्लास्टिकच्या पिशवीत त्यांच्यापुढे होता. त्यांनी छापील अर्ज काढला, वरच्या ओळीत मयताचं नाव लिहिलं, आणि त्या दिवशी काय घडलं ते सांगा म्हणाले.

ठकूबाई कुणाला बोलूच देईना. "सायेब, चूक माजी. त्ये मूठ धरून हुभं हुतं, माजी हाळी यायची हुती. म्या रेडकामागं गेले. कळीत काय बी खोट नव्हती. पोरीनं चांगली भारीतली आनल्ती." एक अडखळ नाही की एक हुंदका नाही. रात्रभर मनाशी घोकलं असणार.

आजगावकर लिहायला लागले.

"साहेब, ते लिहू नका," अंबिका म्हणाली.

"अंबे, गप!" ठकूबाई ओरडली.

अंबिका गप्प बसली नाही. तिने ती पिशवी उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली आणि काजळीत अर्धी बुडालेली अधिकची खूण बोटाने दाखवली. "हा एकाच दिशेचा आहे. पॅनेलं दुपाळी आहेत. कळ रोज दिवेलागणीला उघडली जाते हे मला लहानपणापासून माहीत होतं. मंजूर यादीत दोन्ही दिशांचा ब्रेकर होता. तो सोडून मी हा निवडला आणि मीच बसवला. आत चरचर होते, वास येतो, असं त्यांनी मला नऊ दिवस आधी सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नाही."

आजगावकरांनी ती खूण नीट निरखून पाहिली. मग चष्मा काढला. "ताई, तुमच्या संस्थेचं पत्र वेगळं सांगतंय."

"पत्रावर माझी सही नाही."

 धुळूकाका खाली मातीकडे बघत राहिला. कालपर्यंत तिला जवळ घेणाऱ्या दोन बायका नकळत एक पाऊल मागे सरल्या, आणि अंबिकाने ते पाहिलं. ठकूबाई उठली, पदर सावरला, आणि कुणाकडेही न बघता घरात निघून गेली. दाराआड भांडं आपटल्याचा आवाज झाला.

आजगावकरांनी खालचं लिहिलेलं रेघ मारून खोडलं आणि बाजूला नवीन लिहायला घेतलं. "ब्रेकर निवडणाऱ्याचं पूर्ण नाव सांगा."

"अंबिका जानू झोरे."

त्यांचं पेन मधल्या नावापाशी थांबलं. त्यांनी वरच्या ओळीतलं मयताचं नाव पाहिलं आणि तिच्याकडे पाहिलं. पुढचा रकाना भरणं त्यांनाही जड गेलं असावं, कारण त्यांनी आवाज एकदम उतरवला.

"मयताशी नातं?"

अंबिकाने तोंड उघडलं. चौदा दिवस ती ज्याला घाबरत होती, ते सगळं ती न अडखळता सांगून बसली होती, पण हा एक शब्द घशातून बाहेर येईना. तिने पुन्हा प्रयत्न केला. आजगावकर मान खाली घालून थांबले.

ठकूबाई दारात येऊन उभी होती. तिचे डोळे रडून लाल झाले होते. पोरीकडे तिने पाहिलं नाही, साहेबाकडेच पाहिलं.

"लेक हाय ती त्येंची," ती म्हणाली. "लिवा, सायेब. लेक हाय."